टॉवरचा नैवेद्य

उमासारी, ९ जून २०२४

कादेक,

ओम स्वस्त्यस्तु. हे सवयीनं लिहिलंय, त्याचा भलता अर्थ काढू नकोस.

पाकिटावर उमासारीचा शिक्का बघून तुला वाटलं असेल, जिला म्बोक म्हणायचो ती बहीण गेली की काय. गेले नाही. टॉवर आपल्या परसात उभा, अख्ख्या गावाचे फोन त्याच्यावर चालतात, आणि माझा एकटीचा फोन तुझ्यापर्यंत पोचत नाही, कारण तू माझा नंबर बंद करून ठेवलायस. म्हणून टपालवाल्याला त्रास. सुलावेसीचा तुझा पत्ता रिजासा ब्लींनी दिला. ते आता आपल्या बंजारचे प्रमुख झालेत. गावच्या सभा, देवळाची कामं, गैरहजर राहणाऱ्यांचे दंड, सगळं त्यांच्या हातात आल्यापासून त्यांचा आवाज दुप्पट झालाय.

कामाचं सांगते. टॉवरवाल्या कंपनीचा माणूस आला होता. हेंद्रो नाव, सुराबायाचा, तिशीचा असेल. बूट इतके चकचकीत की आपला कोंबडा त्यात स्वतःला बघून भांडायला लागला. कंपनीला म्हणे आता भाड्याची कटकट नको, टॉवरखालची जमीनच विकत हवी. तीस कोटी रुपिया, एकरकमी. गालुंगनच्या सणाआधी हो की नाही ते सांगायचं.

बापा गेल्यावर जमीन तुझ्या नावावर झाली. मुलीच्या नावावर होत नाही, त्याबद्दल माझी तक्रारही नाही. बिनलग्नाच्या मुलीला माहेरी निजायला खोली आणि खायला भात मिळतो. माझा भात म्हणजे या टॉवरचं भाडं. रासमिन आहे तोवर भाडं तिचं, असं बापा जाताना तुझ्यादेखत म्हणाले होते. तुला आठवत असेलच. नसेल तरी माझं काही म्हणणं नाही. सही तुझी लागते. तुला हवं ते कर.

तू मनात म्हणशील, टॉवर आणला तेव्हा हिनंच भर सभेत बोंब ठोकली होती. मी अवाक्षर बोलले नव्हते. बोलले असेन तर एवढंच की माडापेक्षा उंच काही बांधू नये, आणि हा नियम काही मी केलेला नाही. बापांच्या दहनाच्या दिवशी मी तुला जे बोलले असं तू गावभर सांगून गेलास, तेही मी बोलले नव्हते. ऐकणारे पुष्कळ होते हे खरं, पण सगळे रडत होते, त्यांना नीट काय ऐकू येणार.

तुझं सामान मी कधीच काढून टाकलं. तुझ्या खोलीत आता डुकरांचा कोंडा असतो.

तुझी थोरली बहीण, तुला पटो न पटो,
रासमिन

२३ जून

कादेक,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते, नुसतं सांगितलं.

हेंद्रो परत आला, या खेपेला मोबाइलवर आकडे घेऊन. मी त्याला कॉफी दिली आणि समोर बसवलं. म्हटलं, वर्षाला तीन कोटी भाडं, कराराची अठरा वर्षं अजून बाकी, म्हणजे चोपन्न कोटी झाले. चोपन्न टाकून तीस घ्यायला मला काय उन्हानं भोवळ आलीय? तो हसला. म्हणाला, इबू, अठरा वर्षांनी मिळणारे तीन कोटी म्हणजे आजचे तीन कोटी नव्हेत. मी म्हटलं, बाबा, सरळ सांग. मग त्यानं मला माझ्याच डुकरांवरून समजावलं. आज हातात पिल्लू दिलं तर वर्षभरात त्याचं डुक्कर होतं. अठरा वर्षांनी देईन म्हटलेलं पिल्लू आज खातही नाही आणि वाढतही नाही.

मुलगा हुशार आहे. त्यानं एवढं सांगितलं आणि रात्रभर मला तेच दिसत राहिलं. टॉवर उभा राहिला त्या वर्षी भाड्यात बारा डुकरं यायची. भाडं तेवढंच राहिलं आणि आता सहा येतात. करार संपेपर्यंत बहुतेक शेपूट येईल. हे मी तुला कळवायला नको होतं, पण लिहून झालं, आता खोडत नाही.

पण दुसरी बाजूही ऐक. साथ आली त्या वर्षी माझी डुकरं तीन दिवसांत गेली, मोठी पाच आणि पिल्लं सगळी. तीस कोटींची डुकरं घेतली असती तर तीही गेली असती. भाडं मात्र त्या वर्षीही आलं. टॉवरला ताप येत नाही. आणि बँकेत ठेवावे म्हटलं तर व्याज येतं भाड्याच्या निम्मं. हेंद्रो म्हणतो, पण मुद्दल शाबूत राहतं. मी विचारलं, तू मुद्दल शाबूत राहिलेलं कुठल्या घरात पाहिलंस? त्यानं तांदळाची वडी उचलून खाल्ली.

तुला तिकडं कोकोची बाग घ्यायचीय असं रिजासा ब्लींच्या तोंडून कळलं. सहा वर्षं दुसऱ्याच्या बागेत शेंगा फोडतोयस म्हणे. हे मला परक्याकडून कळावं, याचं वाईट वाटलं.

गवंडी आलाय. डुकरांच्या खोपटाला दोन विटा लावायच्यात. बाकी काही नाही.

रासमिन

१४ जुलै

कादेक,

तू हेंद्रोला फोन केलास. मला सहा वर्षांत एक नाही, आणि त्या बूटवाल्याला पहिल्याच महिन्यात. त्यानंच सांगितलं, लपवता येत नाही त्याला. तू विचारलंस, तिसाचे पस्तीस होतील का. म्हणजे विकायचं तू ठरवलंयस, फक्त भावाची घासाघीस चाललीय. कर बापड्या, मी मध्ये येणारी कोण.

फक्त गांद्राची गोष्ट सांगते. आपला चुलतभाऊ गांद्रा, त्यानं रस्त्याकडची जमीन व्हिलावाल्याला एकरकमी देऊन टाकली, हे तू गेल्यानंतरचं. पहिल्या आठवड्यात गाडी आणली, गावाच्या गल्लीपेक्षा रुंद. ती त्याच्या दारापर्यंत येईना, म्हणून दाराची भिंत पाडली. भिंत पाडली म्हणून वास्तूची शांत करावी लागली. शांत मोठी केली म्हणून मांडव मोठा घातला. मांडवात गायला तबनानची बाई आणली. आता गाडीत कोंबड्या अंडी घालतात आणि गांद्रा त्याच व्हिलाच्या बागेत, आपल्याच जमिनीवर, गवत कापायला जातो. पगार वेळेवर मिळतो असं तो म्हणतो. देवळाच्या कामाला तुझ्या वाट्याचा माणूस म्हणूनही तोच उभा राहतो आणि दर वेळी माझ्याकडून एक कोंबडी घेऊन जातो.

मी तुझी तुलना गांद्राशी करत नाहीय. नुसती बातमी दिली.

आणि खरं विचारशील तर मला भीती वाटते. मी छप्पन्न वर्षांची झाले. तू जमीन विकलीस की या घरात माझ्या नावाचं काय राहिलं? निजायची खोली. ती तुझ्या बायकोच्या मनात असेल तोवर, आणि तुझ्या बायकोचं तोंडही मी पाहिलेलं नाही.

रासमिन

२८ जुलै

कादेक,

काल तुंपेक लांडेप झालं. तिकडं पाळतोस की नाही कोण जाणे. इकडं नेहमीसारखं सगळ्या लोखंडाला फुलं वाहिली. मोटरसायकली, शिवणयंत्र, विळ्या, नांगराचा फाळ. गांद्राच्या गाडीलाही झालर बांधली, आधी कोंबड्या उठवून. आणि टॉवरला. टॉवरला मी दर लांडेपला नैवेद्य ठेवते. एवढं लोखंड परसात उभं असताना त्याला उपाशी ठेवायचं म्हणजे काय? मोठ्या पानाचा नैवेद्य, भाजलेलं बदक, चौकडीचं काळं-पांढरं वस्त्र. वस्त्र चार पायांना गुंडाळायला तीस हात लागतं.

आता एक सांगायचं आहे. तो गवंडी डुकरांसाठी नव्हता.

टॉवरच्या ईशान्य कोपऱ्यात मी एक छोटं देऊळ बांधून घेतलं. अगदी छोटं, कमरेएवढं. काल आपल्या पुजारी मांकूंनी त्यात देव बसवला. गावात सगळ्यांना वाटतं की मी फार धार्मिक झाले. तुझ्यापासून काय लपवायचं? माझा हिशेब असा होता की देव बसलेली जागा कंपनी कशाला घेईल. ज्याची जमीन त्यानं देवाला रोज जेवू घालायचं, दर सात महिन्यांनी त्याचा उत्सव करायचा. कंपनीचा जकार्तातला साहेब हे करील का?

हेंद्रो आज सकाळी आला आणि देऊळ बघून खालीच बसला.

"इबू, हे गेल्या वेळी नव्हतं."

"देव काय विचारून येतात?"

"मी वर काय कळवू?"

"कळव की जागेत एक जण राहायला आलाय."

त्यानं तसंच्या तसं कळवलं बिचाऱ्यानं. जकार्ताहून उलट विचारणा आली, राहणाऱ्याला हलवायला किती घेणार आणि पावती मिळेल का.

इथपर्यंत माझं बरोबर होतं. चूक कुठं झाली ते मांकू निघताना कळलं. पाय धुता धुता ते म्हणाले, रासमिन, फार चांगलं केलंस, आता रोजचा नैवेद्य चुकवू नको, आणि पहिला उत्सव पुढच्या लांडेपला, फेब्रुवारीत; डुक्कर एक, बदकं सहा, गामेलान वाजवणारे, आणि घरचा पुरुष हवा. मी सगळं बोटांवर मोजलं. तीन कोटी भाड्यातला एक कोटी माझा हा देवच खाऊन टाकणार. विकणाऱ्याला अडवायला खड्डा खणला आणि पहिली मीच त्यात. हसू नकोस. हेंद्रो हसला, त्याला मी दुसरी वडी दिली नाही.

घरचा पुरुष हवा असं मांकू म्हणाले. मी म्हटलं, बघू.

रासमिन

१८ ऑगस्ट

कादेक,

या पंधरवड्यात एवढं घडलंय की डुकरांनाही वेळेवर जेवण मिळालेलं नाही.

रिजासा ब्लींनी सभा बोलावली. हेंद्रोला कमरेला वस्त्र गुंडाळून मध्ये बसवलं. ब्लींनी त्याला शांतपणे समजावलं की उमासारीत जमीन नुसती जमीन नसते, तिच्यामागं काम असतं. भाड्यानं दिलीय तोवर ते काम रासमिनच्या घरचं. विकली तर मालक कंपनी आणि काम कंपनीचं. देवळाच्या उत्सवाला पहाटे एक माणूस, त्याचा स्वतःचा सत्तूर घेऊन. मयतीला एक माणूस. रस्ता झाडायला एक माणूस. हेंद्रोनं अदबीनं विचारलं, याची वर्षाची काही ठरावीक फी भरता येईल का.

"फीला नारळ खवता येत नाही," ब्ली म्हणाले. "माणूस पाठवा."

तेवढ्यात गावच्या देवळाचा उत्सव आला. जकार्तावाल्यांना वाटलं, ही काहीतरी गावाशी ओळख वाढवायची सहल असणार. त्यांनी हेंद्रोलाच सांगितलं, जा आणि फोटो पाठव. बिचारा पहाटे अंधारात हजर झाला, बूट काढून, रिकाम्या हातानं. आमच्या घरात येऊन विचारतो, इबू, तो चुलीवर टांगलेला सत्तूर देता का. मी म्हटलं, त्याला धार नाही. त्याला मी खवणी दिली. तो नमाज पढणारा, म्हणून ब्लींनी त्याला मांसापासून लांब, वेगळ्या चटईवर बसवलं आणि समोर नारळांची रास ओतली. लावारच्या मांस-भाजीत खोबरं किती जातं ते तुला ठाऊक आहे. दहाव्या नारळाला त्याची बोटं खोबऱ्यात येऊ लागली. गांद्रा शेजारी बसून त्याला, कंपनीचे साहेब, थोडं बारीक, थोडं बारीक, असं करत होता. पण पठ्ठ्या उठला नाही. उन्हं वर येईपर्यंत खवत बसला.

मी त्याच्या बोटांना हळद लावत होते तेव्हा तो बोलून गेला. कंपनीला जमीन का हवी, ते. टॉवरवर दुसऱ्या कंपनीची तबकडी लावायचीय. जुन्या करारात लिहिलंय की त्याला मालकाची परवानगी लागते आणि भाडं वाढवून द्यावं लागतं. मालकच व्हायचं, म्हणजे दोन्ही वाचलं. हे त्यानं मला सांगायला नको होतं, आणि सांगितल्यावर तो रडकुंडीला आला. मी म्हटलं, तू मला काही बोललाच नाहीस. मी अशी पुष्कळ वाक्यं पचवलीत.

तर आता तुला सगळं माहीत आहे. डुकरांचा हिशेब विक्रीच्या बाजूनं, गांद्राची गाडी भाड्याच्या बाजूनं, आणि तबकडी आपल्या बाजूनं. तुला बाग हवी आणि मला भात हवा, हे मात्र कुठल्याच आकड्यात बसत नाही. मी तीन रात्री बसवायला बघितलं.

रासमिन

८ सप्टेंबर

कादेक,

पाकीट मिळालं.

विक्रीच्या कागदावर तुझी सही आहे, तारीख रिकामी आहे, आणि तू तो कंपनीला न पाठवता मला पाठवलायस. सोबत चिठ्ठी नाही. मी पाकीट दोनदा उलटं करून झटकलं. फक्त कोकोची एक वाळलेली बी पडली.

म्हणजे आता द्यायचा की नाही ते मी ठरवायचं? जन्मभर माझ्या हातात काही दिलं नाहीस आणि आता एकदम हे. तू अगदी बापांवर गेलायस. तेही भांडण झालं की काही न बोलता अंगणात लाकडं फोडून ठेवायचे.

आज जास्त लिहीत नाही. डुकरं ओरडतायत.

रासमिन

२० सप्टेंबर

आदी कादेक, माझ्या धाकट्या,

गालुंगनची बांबूची कमान दाराशी उभी राहिलीय. गांद्रानं बांधली, वाकडी आहे. आता ऐक.

विक्रीचा कागद मी टॉवरच्या देवळात नैवेद्याखाली ठेवला होता. देवाला विचारावं म्हणून. रोजच्यासारखं तीर्थ शिंपडलं, हात जरा सैल सुटला असेल. सगळी शाई पसरली. हेंद्रो म्हणतो, ही सही आता चालणार नाही. मी मुद्दाम केलेलं नाही. दुसरा कागद पाठवू नकोस, मला एवढ्या सांभाळून तीर्थ शिंपडता येत नाही.

मग मी आणि रिजासा ब्ली हेंद्रोबरोबर तबनानला त्यांच्या कचेरीत गेलो. ब्लींनी तिथं आवाज पूर्ण लावला. मी मधूनच तबकडीचं नाव काढलं. कुणी सांगितलं असं त्यांच्या साहेबानं विचारलं, मी म्हटलं, आमच्या देवळात नवे राहायला आलेत ते सांगतात. हेंद्रोनं छताकडं बघितलं. दुपारपर्यंत ठरलं ते असं: जमीन आपलीच राहणार. दुसरी तबकडी लागणार. भाडं तीनाचं साडेचार कोटी, आणि पाच वर्षांनंतर दर तीन वर्षांनी वाढणार, म्हणजे शेपटावर यायची वेळ येणार नाही. आणि पहिल्या पाच वर्षांचं भाडं आत्ताच, एका हप्त्यात. साडेबावीस कोटी.

नव्या कराराचे कागद रिजासा ब्ली तुला पाठवतील. तुझी सही झाली की ते पैसे तुझ्या खात्यात जातील. सगळे. बाग घे. पस्तिसातली येणार नाही, साडेबाविसातली घे, लहान बागेत गवतही कमी उगवतं. बापांचा शब्द मला होता, भाडं माझं. त्यातली पाच वर्षं मी तुला देतेय. उसनी नाहीत, परत करायला आलास तर दाराबाहेर काढीन. माझं काय, असं विचारू नकोस. डुकरीण गाभण आहे आणि खायला मी एकटी. टॉवरच्या देवाला मात्र रोज हवं असतं, त्याला मी सांगितलंय की पाच वर्षं साधं जेवण आहे. त्यानं ते मनावर घेतलेलं दिसत नाही.

मला एकच हवंय, आणि ते मी सरळ मागते. फेब्रुवारीत लांडेपला ये. पहिला उत्सव आहे, घरचा पुरुष हवा. गांद्रा घरचा असला तरी त्याला कोंबडी द्यावी लागते. बायकोला आण, पोरं असतील तर त्यांनाही आण. पोरं आहेत का, तेवढं तरी कळव. हेंद्रोही येणार आहे, कंपनीनं न पाठवता. त्यानं स्वतःची खवणी विकत घेतलीय.

बापांच्या दहनाच्या दिवशी मी काय बोलले यावर तुला भांडायचं असेल तर त्यासाठी पण ये. समोर बसून भांडू.

आणि येताना सत्तूर आणू नकोस, बोटीवर उगाच अडवतील. तुझा चुलीवर टांगलेला आहे. त्याला धार नाही असं मी हेंद्रोला खोटंच सांगितलं. सहा वर्षं दर लांडेपला त्याला तेल लावते, फुलं वाहते आणि धारही मीच लावते. तो मी अजून कुणाच्या हातात दिलेला नाही.

म्बोक